उलटं येणारं पाणी

ऑगस्टमध्ये कैरवानात माणसांपेक्षा फ्रिज जास्त आजारी पडतात, असं लसाद म्हणायचा. ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलं की दुपारी सगळं गाव दारं-खिडक्या लावून आडवं होई, आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजायला लागे. कुणाचा कॉम्प्रेसर तापून बंद पडलेला, कुणाच्या दाराचं रबर चिरलेलं, कुणी फ्रिज भिंतीला इतका चिकटवलेला की मागच्या जाळीला श्वास घ्यायला बोटभर जागा नाही. पंचवीस वर्षं या धंद्यात काढल्यावर लसादचं एक मत पक्कं झालं होतं. फ्रिजचे रोग चारच : धूळ, रबर, गॅस आणि वीज. पाचवा रोग मालकाच्या स्वभावाचा, आणि त्याला औषध नाही.

शादलिया मावशीचा फोन आला तेव्हा तो दुकानात एका आडव्या पाडलेल्या फ्रिजपाशी उकिडवा बसला होता. कुशल कारागिराला म्हणतात तसं सारं गाव त्याला 'उस्ता' म्हणे.

"उस्ता, फ्रिजमध्ये पाणी साचतंय. खाली, भाजीच्या खणात. रोज पुसते, रोज येतं."

"पाणी जायचं भोक तुंबलं असेल, मावशी. काडीने जरा कोरून बघा."

"कोरायचंच असतं तर दंतवैद्याला फोन केला असता. तू ये."

"आलोच," लसाद हसत म्हणाला. पण फोन ठेवल्यावर तो लगेच उठला नाही. हातातला पाना तसाच धरून बसून राहिला.

त्या घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शादलियाचा एकुलता एक मुलगा अनीस मार्च महिन्यात स्फाक्सच्या बाजूच्या किनाऱ्यावरून मासेमारीच्या बोटीत बसून पलीकडे, इटलीला जायला निघाला होता. निघाला हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. पोचला की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. ना फोन, ना निरोप, ना कुठल्या यादीत नाव. आणि त्याच्या आदल्या वर्षी हाच अनीस लसादच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता, "उस्ता, मला हाताखाली घ्या. हे काम शिकायचंय." लसादने मान वर न करताच सांगितलं होतं, की इथे काम एका माणसापुरतंच आहे. ते काही खोटं नव्हतं. पण अगदी खरंही नव्हतं.

शादलियाचं घर रंगाऱ्यांच्या गल्लीच्या शेवटी होतं. छोटं अंगण, त्याला लागून दोन खोल्या. एकीत भिंतीशी उभा माग आणि त्यावर अर्धा विणून झालेला गालिचा. दुसरीत चूल, ओटा आणि फ्रिज. मावशी साठीच्या पुढची, बुटकी, ताठ कण्याची बाई. दार उघडून तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पोट आत घेऊन ये. फ्रिजच्या मागे अडकलास तर काढायला कोण येणार?"

फ्रिज सात वर्षं जुना, साधा, पांढरा. अनीसने एका उन्हाळ्यात सूस शहरातल्या हॉटेलात भांडी घासून घेतलेला. भाजीच्या खणात दोन बोटं पाणी होतं आणि त्यात टोमॅटो, मिरच्या तरंगत होत्या. लसादने खण काढला, पाणी अंगणात ओतलं आणि टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. यात अवघड असं काही नसतं. आतल्या गार भिंतीवर दव धरतं, ते ओघळून खालच्या भोकात जातं, तिथून नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये, आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. भोकात कचरा अडकला की पाणी आतच साचतं. त्याने वाकवलेली तार आत सरकवली, फिरवली आणि ओढून काढली.

तारेबरोबर चमचाभर वाळू आली.

बारीक, करडी, ओली वाळू. लसादने ती अंगठ्याने तळहातावर चोळून पाहिली.

"मावशी, शेजारी बांधकाम चाललंय का कुणाचं?"

"या गल्लीत? इथे भिंती पडतात. बांधत कुणी नाही."

त्याने फ्रिज पुढे ओढला. मागच्या ट्रेच्या कडेला पांढरा थर चढला होता, आणि कॉम्प्रेसरमधून निघणारी तांब्याची नळी हिरवी पडली होती. असं हिरवं तांबं त्याने एकाच ठिकाणी पाहिलं होतं. तरुणपणी नऊ वर्षं तो स्फाक्सच्या बंदरात मासेमारीच्या बोटींवरची बर्फयंत्रं दुरुस्त करत असे. तिथे वर्षभरात नळ्या अशा व्हायच्या. इथून समुद्र साठ किलोमीटर लांब.

"फ्रिजमध्ये मिठाचं काही सांडलं होतं का?"

"जैतुनाची बरणी एकदा कलंडली होती. रमजानात."

"मग हेच ते," लसाद म्हणाला. त्याला हायसं वाटलं. त्याने नळी कोमट पाण्याने धुतली, ट्रे घासला, तांब्यावरून तेलाचा बोळा फिरवला. निघताना मावशीने खजूर भरलेल्या मकरूद वड्यांचा पुडा त्याच्या हातात कोंबला. अनीसचं नाव दोघांपैकी कुणीही काढलं नाही.

नऊ दिवसांनी पुन्हा फोन आला.

या वेळी लसाद मनाशी ठरवूनच गेला, की घाई करायची नाही. दुपारी एक वाजता त्याने फ्रिजची पिन काढली. सगळं सामान बाहेर, आतली भिंत कोरड्या फडक्याने पुसलेली, दार सताड उघडं. वीज नाही तर गारवा नाही. गारवा नाही तर दव नाही. दव नाही तर पाणी कुठून येणार? आलंच, तर ते भिंतीतून किंवा जमिनीतून येतंय असं ठरेल, मग गवंड्याला बोलवायचं. त्याने स्टूल घेतलं आणि फ्रिजसमोर बसला. मागच्या खोलीत मावशी मागावर बसली होती. गाठ मारायची, धागा कापायचा, पुन्हा गाठ. तेवढाच आवाज.

"मावशी, किती वाजता येतं, काही ठाऊक आहे?"

"आज तीनला पाच कमी असताना येईल."

लसाद हसला. "अगदी पाच मिनिटांचा हिशेब?"

"काल दोनला पाच मिनिटं झाल्यावर आलं. परवा सव्वाला. रोज पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे जातं. दिवसातून दोनदा. दुसऱ्यांदा येतं तेव्हा मी झोपलेली असते, सकाळी नुसती ओल दिसते." कात्री चालायची थांबली. "खरं नाही वाटत? इकडे ये."

गालिच्याच्या अगदी कडेला, नक्षीच्या बाहेर, तिने निळ्या लोकरीच्या गाठी मारल्या होत्या. दर खेपेला एक. रोजच्या विणकामाच्या ओळीवरून वेळ कळेल अशा ठिकाणी. त्या निळ्या ठिपक्यांची तिरकी रेघ कडेने वर चढत गेली होती, पट्टी लावून आखावी इतकी सरळ.

"बरेच दिवस झालेत," लसाद म्हणाला.

"एप्रिलपासून. मी आधी पुसून टाकायची आणि गप्प बसायची."

तो परत स्टुलावर येऊन बसला. तीनला पाच मिनिटं कमी असताना त्याला आवाज आला. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकून सुटावा, तसा. मग त्या भोकाच्या तोंडाशी पाणी आलं. जे पाणी खाली जायला हवं ते खालून वर येत होतं. ते काठोकाठ फुगलं, सांडलं, आणि फ्रिजच्या तळावर पसरत भिंतीपर्यंत गेलं. एकसारखं वाढत नव्हतं. थोडं पुढे यायचं, जरासं मागे हटायचं, पुन्हा थोडं पुढे.

लसादने बोट बुडवलं. पाणी कोमट होतं. त्याने बोट जिभेला लावलं.

कैरवानच्या नळाचं पाणीही मचूळच असतं. ती चव त्याच्या परिचयाची होती. जैतुनाच्या खारवणाची चवही त्याला माहीत होती. हे दोन्ही नव्हतं. खारट, आणि खारटपणाच्या मागे कडू. बंदरात धक्क्यावरून पाय घसरला की तोंडात जायचं ते.

तासाभराने पाणी जसं आलं तसंच त्याच भोकातून उतरून गेलं. तळावर वाळूच्या बारीक नागमोडी रेघा राहिल्या.

लसाद त्या रेघांकडे बघत बसला. हा समुद्र तसा आळशी, बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी कळतही नाही. पण स्फाक्सच्या खालच्या आखातात ती खरोखरची येते, पुरुषभर पाणी चढतं नि उतरतं. दिवसातून दोनदा, आणि रोज पन्नास मिनिटं उशिरा. बंदरातल्या माणसांना त्यासाठी घड्याळ लागत नसे. लसादलाही लागलं नाही. त्याने मनातल्या मनात आजच्या चांद्रतिथीवरून वेळ काढली, ती बरोबर जुळली, आणि आपण ती काढायला नको होती असं त्याला वाटलं.

"काय दिसलं, उस्ता?" मावशी दारात उभी होती.

"नळी बदलायला लागेल," तो म्हणाला.

"बदल," ती म्हणाली.

त्याने नळी बदलली. नवी, जाड रबराची, झडप असलेली, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाईल. दुसऱ्या दिवशी पावणेचारला पाणी आलं.

घरी त्याने बायकोला, हयातला, सगळं सांगितलं. ती मसूर निवडत होती.

"आणि तू ते चाखलंस?"

"चाखल्याशिवाय कसं कळणार?"

"डॉक्टर असतास तर तुझं काही खरं नव्हतं." मग तिचे हात थांबले. "तिला सांगितलंस?"

"काय सांगू? की मावशी, तुमच्या फ्रिजमध्ये समुद्र येतो?"

"नको," हयात म्हणाली. "तिच्या मनात तिचा मुलगा अजून कुठेतरी पोचलेला आहे. असू दे तसाच. तू तिला दुसरा फ्रिज नेऊन दे. दुकानात पडलाय ना एक? तिचा घेऊन ये, आणि हा विषय संपव."

लसादला हे पटलं. दोष फ्रिजमध्ये असेल तर फ्रिजबरोबर जाईल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने दुकानातला एक चांगला, दोन दारांचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज हातगाडीवर घालून मावशीकडे पोचवला आणि तिचा जुना आणला. जुना फ्रिज दारातून बाहेर पडताना मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा.

तो फ्रिज लसादने दुकानात चालू करून ठेवला. रोज सकाळ-संध्याकाळ तो खण काढून बघे. कोरडा. आठवड्याने त्याने मागचा पत्रा उघडला, आतल्या फोमचा तुकडा कापून पिळून पाहिला. ठणठणीत कोरडा. वाळूचा कणही नाही. महिना गेला. मावशीचा फोन आला नाही. लसाद पुन्हा गिऱ्हाइकांना चार रोगांचं व्याख्यान द्यायला लागला.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी तिचा फोन आला.

"तुझाही फ्रिज गळतोय, उस्ता."

"कधीपासून?"

"आणलास त्या दिवसापासून."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"गळतोय म्हणून नाही बोलवत मी. ये तू. येताना हत्यारं आण."

तो पोचला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. आभाळ भरून आलेलं, गल्लीत ओल्या लोकरीचा वास. मावशीने फ्रिज आधीच रिकामा करून ठेवला होता. आत काहीच नव्हतं. अन्न ती बहुतेक आता त्यात ठेवतच नसावी. तळाशी पाणी भरलेलं, हळूहळू पुढे-मागे होणारं.

"हात घाल," ती म्हणाली.

त्याने घातला आणि झटक्यात बाहेर काढला. हाडापर्यंत कळ गेली.

"मी रोज घालते," मावशी म्हणाली. "उन्हाळ्यात कोमट होतं. तेव्हा मला फार काही वाटायचं नाही. महिन्याभरात गार होत चाललंय. आता अजून हिवाळा यायचाय." ती स्टुलावर बसली. "फ्रिज बंद करून पाहिला, तरी पाणी तसंच. तू काहीतरी कर. हे गरम कर."

"मावशी, हे यंत्र गार करायला बनवलेलं असतं."

"मग दुसरं काहीतरी बनव याचं. उस्ता म्हणवतोस ना स्वतःला?"

लसादने टॉर्च लावला, विझवला.

"तुम्हाला कळलंय," तो शेवटी म्हणाला. "पाणी कुठलं ते."

"पहिल्याच दिवशी. तुझ्यासारखंच चाखलं मी." तिच्या आवाजात कंप नव्हता. "तो तुझ्याकडे आला होता ना रे? कामासाठी?"

लसादने खाली बघून मान हलवली.

"सांगितलं होतं त्याने मला. काम एका माणसापुरतंच आहे, असं म्हणाला उस्ता. रागावला नव्हता. म्हणूनच तुला बोलावलं मी."

"म्हणून?"

"दुसरा कुणी आला असता तर त्याने नुसता फ्रिज बघितला असता."

मागच्या खोलीत मागाच्या लाकडाचा करकर असा आवाज झाला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

लसाद उठला आणि दुकानात गेला. तिथे टेबलाच्या खणात एक वस्तू होती, कोंबडीवाल्या एका गिऱ्हाइकाने अंडी उबवायच्या पेटीतून काढून दिलेला थर्मोस्टॅट. तो, वायरीचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन तो परतला. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये आतल्या पडद्यामागे एक छोटा हीटर असतो. दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं तापायचं, बर्फ पाडायचा, थंड व्हायचं, एवढंच त्याचं काम. लसादने पडदा काढला. कॉम्प्रेसरला जाणाऱ्या दोन्ही वायरी कापल्या आणि टोकांना टेप गुंडाळला. हीटर उंच बसवला, पाण्यापासून लांब, आणि तो त्या थर्मोस्टॅटवरून थेट जोडला. सदतीसवर काटा ठेवला. अंडी ज्यावर उबतात तिथे.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक चालता फ्रिज मुद्दाम बिघडवला होता.

दार लावून तो थांबला. दहा मिनिटांनी पत्र्याला हात लावला. पत्रा उबदार होता.

"पाण्याला हात लावू नका पिन लावलेली असताना," तो म्हणाला. "आणि मावशी, याने काय होणार आहे?"

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "तुला तरी कुठे ठाऊक आहे?"

त्यानंतरचे चार दिवस लसादला झोप नीट लागली नाही. ओल आणि वीज एका पेटीत घालून आपण एका म्हाताऱ्या बाईच्या घरात सोडून आलो, हे एक. दुसरं काय ते त्याने हयातलाही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी दुकान न उघडता तो रंगाऱ्यांच्या गल्लीत गेला.

दार उघडंच होतं. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर टॉवेल वाळत घातलेले. जाडे, पातळ, विटके, नवे, हमामखान्यात नेतात तसले मोठे. एका बाईच्या घरात इतके टॉवेल नसतात. वाळलेल्या टॉवेलांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

मावशी त्यांच्या घड्या करत होती. तिचा चेहरा त्याला तरुण दिसला. निदान पुरेशी झोप झालेला दिसला.

"पाणी?" त्याने विचारलं.

"त्या दिवसापासून आलेलं नाही."

"मग हे?"

"तू गेलास त्या संध्याकाळी मी एक टॉवेल ठेवला आत. कोरडा, घडी करून. म्हटलं, असू दे. सकाळी पाहिलं तर ओला." तिने पुढचा टॉवेल ओढला. "दुसऱ्या दिवशी दोन ठेवले. दोन्ही ओले. मग चार. मग शेजारणीकडून मागून आणले. काय सांगू तिला? पाहुणे आलेत म्हटलं."

लसाद आत गेला. फ्रिजचा हीटर बारीक आवाजात चालू होता. त्याने आधी पिन काढली. मग दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि तो हात तिथेच बराच वेळ राहिला.

त्याने दार उघडलं.

ऊब अंगावर आली. समुद्राचा वास होता. पण त्याहून जास्त दुसराच. बंद खोलीत बरीच माणसं दाटीवाटीने झोपून उठली की येतो, तो.

तळ कोरडा होता.

चारही कप्प्यांवर टॉवेल होते. घडी केलेले नव्हते. पीळ घातलेले होते. एकेक टॉवेल दोन्ही टोकांनी धरून, जोर लावून, शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळलेला, आणि मग एकाशेजारी एक नीट मांडून ठेवलेला.

"तुम्ही पिळलेत हे?" त्याने विचारलं.

मावशीने हात पुढे केले. पन्नास वर्षं गाठी मारून बोटं पेरापेरात वाकडी झाली होती. "माझ्याने बाटलीचं झाकणही फिरववत नाही," ती म्हणाली.

लसादने एक टॉवेल उचलला. पीळ उजवीकडे होता. त्याच्या शेजारचा डावीकडे. एक घट्ट, दोरखंडासारखा. एक मधेच सोडून पुन्हा धरलेला. एका हाताचं काम नव्हतं ते. त्याला ते पाहायचं नव्हतं, पण सवयीने तो पाहत गेला.

"अनीस कुठला पिळतो, मला ओळखता येतं," मावशी त्याच्या पाठीशी उभी राहून म्हणाली. "लहानपणापासून असाच, टोक आत दुमडून. पण तो एकटा नव्हता ना, लसाद. बोट भरलेली होती."

पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली होती.

तो खाली वाकला. सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, बाकीच्यांपासून थोडा सरकवून ठेवलेला एक तोंड पुसायचा लहान रुमाल होता. इतर सगळे पिळून कोरडे केलेले. हा नुसता दोनदा वळलेला होता, सैल, छोट्या मुठींना जमेल तेवढाच. त्याच्या टोकातून पाणी अजून ठिबकत होतं.